एक यादी, अनेक दफ्तरे

पलसाणा हे गाव आपल्या जागेवरून तसूभरही हललेले नाही. त्याचा कागदोपत्री पत्ता मात्र एका माणसाच्या हयातीत दोनदा पालटला. गायकवाडी अमदानीत पलसाणा हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातील एक महाल होता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पलसाणा सुरत जिल्ह्यात गेला. पुढे १ मे १९६० रोजी गुजरात राज्य स्थापन झाले. तेव्हा जिल्हा तोच राहिला, राज्य बदलले. ज्या नवसारीच्या नावाने आमचे आजोबा-पणजोबा आपला प्रांत सांगत, ती नवसारी १९९७ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाली. पलसाणा सुरतेकडेच राहिला. शेत तेच, विहीर तीच, घराचे जोतेही तेच. कागदाच्या डोक्यावरची ओळ तेवढी निराळी.

या एका ओळीची किंमत आपल्याकडील जुन्या मराठी घराण्यांना वेगळी सांगावयास नको. जमिनीचा उतारा तालुक्याच्या कचेरीत, त्यामागचा कागद सुरतेस, त्याआधीचा बडोद्यास, त्याहून जुन्या एखाद्या सनदेचा उल्लेख पुण्याच्या पेशवे दफ्तरात, आणि घरचे म्हणून जे काही दफ्तर असेल ते माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. प्रत्येक ठिकाणची मांडणी वेगळी, लिपी वेगळी, कागद मागण्याची रीतही वेगळी. कागद आपापल्या जागी राहावेत, पण निदान सगळ्यांची मिळून एकच यादी हाताशी असावी, ही इच्छा आपल्यापैकी अनेकांच्या मनात कधी ना कधी येऊन गेली असेल.

संगणकाच्या पडद्यावर ही इच्छा गेल्या चाळीस वर्षांत बहुतांशी पुरी झाली आहे. संगणकात फाइली आणि फोल्डर दाखविणारी, त्यांची नक्कल करणारी, त्यांना इकडून तिकडे हलविणारी जी खिडकी असते, तिला फाइल मॅनेजर म्हणतात. आज त्या एकाच खिडकीत स्वतःच्या यंत्रातली तबकडी, शेजारच्या खोलीतले यंत्र, खिशातला फोन, गाठोडे बांधलेली झिप फाइल आणि परदेशात कुठेतरी असलेला सर्व्हर ही सारी एकाखाली एक, सारख्याच पिवळ्या-निळ्या फोल्डरांच्या रूपात दिसतात. ज्या योजनेमुळे हे शक्य होते तिला आभासी फाइल-प्रणाली म्हणतात. ही योजना कशी घडत गेली, आणि तिने सोय करून देताना आपल्या डोळ्यांआड काय केले, याचा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. विषय यंत्राचा असला तरी प्रश्न मुळात दफ्तराचा आहे, आणि दफ्तर हा आपल्या घराण्यांचा जुना विषय आहे.

प्रथम जुनी रीत पाहू. मराठी दफ्तरात कागद रुमालात बांधले जात. रुमालाला क्रमांक असे, आणि कारकुनाच्या हाती रुमालांची यादी असे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे सुमारे पस्तीस हजार रुमाल आहेत. या अफाट संग्रहातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात सिद्ध करणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे त्याआधी १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोदे संस्थानाच्या चाकरीत होते, हे आपल्या वाचकांस अभिमानाने आठवत असेलच. अशा दफ्तरातील कारकून एक भेद कसोशीने पाळीत असे. समोरचा कागद अस्सल आहे, की अस्सलबरहुकूम केलेली नक्कल आहे, की दुसऱ्याच कागदात आलेला केवळ उल्लेख आहे, हे तो नोंदवून ठेवी. तिघांचे मोल सारखे नाही. अस्सल हरवल्यावर नक्कल कामास येते. दोन्ही गेल्यावर उल्लेखावरून एवढेच कळते की असा एक कागद होता. अस्सल, नक्कल आणि उल्लेख या तीन शब्दांची आपल्याला पुढे गरज लागणार आहे.

बडोद्याने यापुढचेही एक पाऊल टाकले होते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत संस्थानात होते. त्यांनी ग्रंथांच्या वर्गीकरणाची एक पद्धत बसविली आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याच्या कामास आरंभ करून दिला. त्यातच फिरत्या ग्रंथालयांची योजना होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यांत जात, काही काळ तेथे राहत आणि परत येत. गावच्या वाचकास पेटी उघडल्यावर ती पुस्तके आपल्याच गावची वाटावीत यात नवल नाही. त्यांची मालकी आणि मूळ नोंद मात्र बडोद्यास असे. पेटी परत गेली की गावात उरे ती वाचलेल्या मजकुराची आठवण. दूरची वस्तू जवळच्यासारखी वापरता यावी, ही आभासी फाइल-प्रणालीची मूळ कल्पना आहे. आणि पेटी परत जाते, ही तिची मर्यादा आहे.

आता यंत्राकडे वळू. आरंभीच्या छोट्या संगणकांत प्रत्येक तबकडीला इंग्रजी मुळाक्षर दिलेले असे. फ्लॉपी ही ए, यंत्रातली तबकडी ही सी. माणसाला वस्तू हवी असे, पण तिच्याआधी ती कोणत्या पेटाऱ्यात आहे हे सांगावे लागे. बेल लॅब्जमध्ये १९६९ च्या सुमारास जन्मलेल्या युनिक्स या प्रणालीने वेगळी वाट धरली. तिच्यात पेटाऱ्यांना अक्षरे नव्हती. सगळ्या फाइलींचे मिळून एकच झाड होते, आणि नवी तबकडी आली की ती त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर कलम केल्यासारखी जोडीत. या जोडण्यालाच माउंट करणे म्हणतात. वापरणाऱ्याला फांदी दिसे. फांदी कोणत्या तबकडीवरची आहे हे त्याने विचारावयाचे कारण नसे.

तोवर जोडायची वस्तू त्याच यंत्राला लागलेली तबकडी होती. १९८० नंतर कार्यालयांतील यंत्रे तारेने एकमेकांस जोडली जाऊ लागली, आणि दूरच्या यंत्रातली फाइल आपल्या झाडावर कशी दाखवावी हा प्रश्न उभा राहिला. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या स्टार या यंत्राच्या पडद्यावर कागद, फोल्डर आणि फाइलींचे खण यांची चित्रे होती. त्यांतले खण वस्तुतः जाळ्यावरच्या दुसऱ्या यंत्रात असत. कचेरीतल्या टेबलाचे चित्र पडद्यावर आणणाऱ्यांनी, टेबलाजवळ नसलेले कपाटही त्या चित्रात आणून ठेवले होते.

यामागच्या यंत्रणेला नीट घाट दिला तो सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने. १९८५ च्या सुमारास तिने दूरच्या यंत्रातील फाइली वापरण्याची पद्धत प्रचारात आणली आणि तिच्यासाठी आपल्या प्रणालीच्या पोटात एक मधला थर घातला. स्टीव्ह क्लाइमन यांनी १९८६ साली या थराचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यातील विचार साधा आहे. फाइलीशी माणूस जे व्यवहार करतो ते मोजकेच: उघडणे, वाचणे, लिहिणे, बंद करणे, फोल्डरात काय काय आहे ते विचारणे, नाव बदलणे, नष्ट करणे. वरचा प्रोग्रॅम एवढ्याच आज्ञा देतो. मधला थर त्या आज्ञा योग्य ठिकाणी पोचवितो. खालचे प्रत्येक भांडार त्यांची तामिली आपापल्या रीतीने करते. तबकडी असेल तर ती फिरवून, दूरचे यंत्र असेल तर तारेवरून निरोप पाठवून. सुभ्याहून हुकूम एकाच नमुन्याचा निघावा आणि महालोमहालीच्या कामदारांनी तो आपापल्या भागातील वहिवाटीप्रमाणे बजावावा, तसाच हा कारभार होय. लिनक्स या खुल्या प्रणालीतही १९९२ पासून असाच थर आहे.

ही झाली तळघरातली व्यवस्था. आपल्यासारख्यांच्या नजरेस पडते ती दिवाणखान्यातली, म्हणजे फाइल मॅनेजरमधली. जॉन सोचा यांनी लिहिलेला नॉर्टन कमांडर १९८६ साली आला. निळ्या पार्श्वभूमीवर शेजारी शेजारी दोन याद्या, डावीकडून उजवीकडे नक्कल करावयाची, हे त्याचे रूप संगणकावर जुन्या काळी हिशेब लिहिलेल्या मंडळींना आठवत असेल. १९९४ साली मिगेल दे इकाझा या मेक्सिकन तरुणाने त्याच धर्तीवर मिडनाइट कमांडर लिहावयास घेतला. त्यात दोन याद्यांपैकी एकीत दूरचा सर्व्हर किंवा गाठोडे बांधलेली संग्रह-फाइल उघडता येऊ लागली. गाठोडे न सोडता आतल्या कागदांची यादी पाहणे आणि त्यातला एकच कागद उचलून घेणे ही त्या काळी मोठीच सोय होती. १९९५ साली विंडोजचा एक्सप्लोरर आला. त्याच्या झाडात तबकड्यांच्या जोडीने शेजारची यंत्रे, कचऱ्याची टोपली आणि यंत्राच्या व्यवस्थेची दालने मांडलेली होती. त्यांपैकी कित्येक वस्तू तबकडीवर फोल्डर म्हणून अस्तित्वातच नव्हत्या. त्या केवळ दाखविल्या जात होत्या.

ऑक्टोबर २००० मध्ये केडीई या लिनक्सवरील पडदा-व्यवस्थेची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यातील कॉन्करर या फाइल मॅनेजरने ही कल्पना फार पुढे नेली. प्रत्येक प्रकारच्या भांडारासाठी त्यात एक छोटा दुभाष्या-प्रोग्रॅम असे. त्यातला गाण्यांच्या सीडीचा दुभाष्या मोठा गमतीदार होता. सीडी घातली की फोल्डरात गाणी दोन-तीन वेगवेगळ्या स्वरूपांत मांडलेली दिसत. वास्तविक सीडीवर त्यांतली एकही फाइल नसे. वाचकाने एखादे गाणे उचलून आपल्या फोल्डरात टाकले की त्या क्षणी ते त्या स्वरूपात घडविले जाई. मागणी होईपर्यंत वस्तूच नाही, आणि यादीत नाव मात्र आहे! आमच्या तीन शब्दांत सांगावयाचे तर ते ना अस्सल, ना नक्कल, ना उल्लेख. ते एक आश्वासन होते.

याच सुमारास घडलेली दुसरी हकीकत अधिक विचार करावयास लावणारी आहे. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशचे एक शिल्पकार अँडी हर्ट्झफेल्ड यांनी काही सहकाऱ्यांसह १९९९ साली ईझल नावाची कंपनी काढली. तिने ग्नोम या पडदा-व्यवस्थेसाठी नॉटिलस हा फाइल मॅनेजर तयार केला. मार्च २००१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. तिच्याबरोबर कंपनीच्या सर्व्हरवर फाइली ठेवण्याची सोयही देऊ केलेली होती. दोनच महिन्यांनी, मे २००१ मध्ये, कंपनी बंद पडली. नॉटिलस खुला असल्यामुळे इतरांनी तो सांभाळला आणि तो आजही वापरात आहे. दूरच्या भांडाराचे मात्र तसे नसते. खिडकी वाचली, खिडकीतून दिसणारे घर त्याच्या मालकाबरोबर गेले.

यापुढील सुधारणा थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात फ्यूज नावाची सोय आली. तिच्यामुळे अशी आभासी भांडारे गाभ्याला हात न लावता कोणालाही रचता येऊ लागली. मार्च २००८ मध्ये ग्नोमने आपली आधीची व्यवस्था मोडून नवी उभारली. आधीच्या व्यवस्थेत प्रत्येक प्रोग्रॅम दूरच्या भांडाराशी स्वतंत्रपणे ओळखपाळख करून घेत असे. त्यामुळे परवलीचा शब्द पुन्हा पुन्हा द्यावा लागे. नव्या व्यवस्थेत ही जोडणी एकदाच होते आणि सर्व प्रोग्रॅम तीच वापरतात. अशा रीतीने दूर आणि जवळ यांतील सांधा दिवसेंदिवस अधिक गुळगुळीत होत गेला.

सांधा दिसेनासा झाला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. दोन उदाहरणे रोजच्या अनुभवातली आहेत. झिप हा गाठोडे बांधण्याचा प्रकार १९८९ पासून रूढ आहे. फाइल मॅनेजरमध्ये झिप उघडली की ती साध्या फोल्डरासारखी दिसते. तिच्यातील पत्रावर दोनदा टिचकी मारली की पत्र उघडते. परंतु जे उघडते ते गाठोड्यातले पत्र नसते. फाइल मॅनेजरने ते गुपचूप काढून यंत्राच्या एका तात्पुरत्या फोल्डरात ठेवलेले असते, आणि आपण पाहतो ती ती तात्पुरती नक्कल. तिच्यात दुरुस्ती करून ती जपून ठेवली असे आपल्याला वाटते. गाठोड्यातले पत्र पुष्कळदा जसेच्या तसे राहते आणि दुरुस्ती तात्पुरत्या फोल्डराबरोबर पुढे कधीतरी झाडून निघते. दुसरे उदाहरण फोनचे. पूर्वी फोन तारेने जोडला की तो आपले भांडार सबंध संगणकाच्या हवाली करी आणि तेवढा वेळ स्वतः ते वापरू शकत नसे. २०११ च्या सुमारास अँड्रॉइड फोनांनी ही रीत सोडली. आता भांडार फोनच्याच ताब्यात राहते, आणि संगणकाने मागितलेली फाइल फोन काढून देतो. खिडकीत फोन तबकडीसारखा दिसतो खरा. पण तो तबकडी नसून खिडकीपलीकडे बसलेला कारकून आहे. म्हणूनच फोनमधली फाइल जागच्या जागी सुधारता येत नाही आणि तार हलली की यादी कोरी होते.

येथे लिपीचा प्रश्नही सांगितला पाहिजे, कारण तो आपला खास प्रश्न आहे. एकाच यादीत अनेक भांडारे आणावयाची तर नावे सर्वांना सारखी वाचता आली पाहिजेत. सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली सिद्ध झालेला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु आठवावा. कारभाराच्या एकेका शब्दाला आठ भाषांतील प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. अनेक भाषांच्या कारभाराला असा समान आधार लागतो हे संस्थानाने ओळखले होते. संगणकाच्या जगात देवनागरीसाठी भारतीय प्रमाण १९९१ साली ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी आली. तरीही फाइलींची मराठी नावे बराच काळ बेभरवशाची राहिली. तबकडीवर नाव देवनागरीत नीट दिसे, आणि तीच फाइल झिपमध्ये बांधून दुसऱ्या यंत्रावर सोडली की नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची आणि खुणांची ओळ उमटे. कारण झिपच्या मूळ रचनेत नावांसाठी जुन्या अमेरिकन यंत्रांची वर्णमाला गृहीत धरलेली होती. युनिकोडमधील नावे ओळखण्याची खूण त्या रचनेत २००६ साली घातली गेली, आणि ती सर्वत्र पाळली जावयास आणखी वर्षे लागली. मोडीला तर युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. ज्यांच्या घरचे बहुतेक जुने कागद मोडीत, त्यांना त्या कागदांची नावे तेवीस वर्षे देवनागरीत किंवा रोमनमध्येच लिहावी लागली.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यात भूषण नाही, परंतु या लेखाचे कारणच ती आहे.

आमच्या घराण्याकडे मोडी कागदांचा एक रुमाल होता. त्यात बासष्ट कागद होते. बहुतेक वतनाच्या हिशेबाचे, काही देण्याघेण्याचे, दोन-तीन घरगुती पत्रे. आमचे थोरले काका पलसाण्यास राहत. मोडी वाचणारे घरात तेच शेवटचे. सुरतेस आमच्या चुलतबंधूंची पेढी होती. तिच्यात तळमजल्यावर एक आणि माडीवर एक अशी दोन यंत्रे तारेने जोडलेली होती. २००६ च्या उन्हाळ्यात काकांनी रुमाल सुरतेस धाडला. चुलतबंधूंच्या मुलाने बासष्टही कागदांची चित्रे यंत्रात घेतली आणि त्यांची एक झिप केली. माडीवरच्या यंत्राच्या खिडकीत तो फोल्डर इतर फोल्डरांच्या बरोबरीने दिसे. काका एकदा सुरतेस आले असता त्याने माडीवर बसवून त्यांना काही कागद उघडून दाखविलेही. पडद्यावर मोडी पाहून काकांना फार आनंद झाला. रुमाल तळमजल्यावरच्या कपाटात राहिला. पावसाळ्यानंतर नेऊ, असे ठरले.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला जो पूर आला, तो सुरतकर विसरणार नाहीत. पेढीचा तळमजला छतापर्यंत बुडाला. पाणी ओसरल्यावर कपाटातला रुमाल चिखलाचा गोळा होऊन निघाला. काकांनी पलसाण्याहून फोन केला.

“कागद गेले का रे?”

“कागद गेले, काका; पण काळजी करू नका. सगळे कॉम्प्युटरमध्ये आहेत.”

“कोणत्या?”

मुलाला त्या प्रश्नाचा अर्थ त्या क्षणी कळला नाही. वीज आल्यावर त्याने माडीवरचे यंत्र सुरू केले. खिडकीत फोल्डर होता. नाव होते, चित्रही होते. टिचकी मारली आणि यंत्र बराच वेळ शोधीत राहिले. मग जोडणी होत नाही असे सांगून थांबले. चित्रे तळमजल्यावरच्या यंत्रात होती. माडीवर होता तो त्यांचा उल्लेख.

बासष्टांपैकी सात कागद मात्र मिळाले. काकांना दाखविण्यासाठी जे सात कागद माडीवर उघडले होते, त्यांच्या नकला झिप उघडण्याच्या त्या आडवळणी रीतीमुळे माडीवरच्या यंत्राच्या तात्पुरत्या फोल्डरात पडून राहिल्या होत्या. कोणीही हेतुपूर्वक ठेवल्या नव्हत्या, आणि कोणी झाडलोट केली असती तर त्याही गेल्या असत्या. उरलेल्या पंचावन्न कागदांचे आज आमच्यापाशी जे आहे, ते काकांच्या वहीत आहे. रुमाल धाडण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक कागदाचा क्रमांक, मिती आणि दोन-तीन ओळींचा सारांश शाईने लिहून ठेवला होता. त्यांना ती सवय त्यांच्या वडिलांकडून आली होती. काका आज हयात नाहीत. वही पलसाण्यास आहे.

या प्रसंगात यंत्राचा दोष नाही. माडीवरच्या खिडकीने जे करावयाचे ते चोख केले. तळमजला आणि माडी यांतील अंतर आम्हांला दिसू दिले नाही. आम्ही मात्र दिसणे म्हणजे असणे असे धरून चाललो. अस्सल, नक्कल आणि उल्लेख यांना फाइल मॅनेजर एकच चित्र देतो. जुन्या कारकुनाने ज्या भेदासाठी शब्द राखून ठेवले होते, तो भेद पुसून टाकण्यातच या योजनेचे यश मोजले जाते.

हा गोंधळ आमच्या एकट्याच्या घरचा नव्हे, हे पुढील काळात दिसून आले. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली आपल्या वनड्राइव्ह या भांडारासाठी अशी सोय काढली की दूरच्या सर्व फाइलींची नावे यंत्रात दिसावीत आणि मजकूर मात्र उघडल्यावरच यावा. लोक जोडणी नसलेल्या जागी जात आणि आपल्याजवळ आहेत असे वाटणाऱ्या फाइली उघडत नाहीत असे त्यांना आढळे. या गोंधळापायी कंपनीने २०१५ साली ती सोय काढून घेतली. २०१७ साली ती परत आली, तेव्हा प्रत्येक नावाशेजारी एक लहान खूण होती: ढगाचे चित्र असेल तर फाइल दूर आहे, हिरवी बरोबरची खूण असेल तर ती या यंत्रात आहे. जुन्या कारकुनाचा शेरा नव्या रूपात परत आला, असे आम्ही समजतो. त्या खुणेकडे लक्ष देण्याचे काम मात्र वाचणाऱ्याचेच आहे.

आपल्या घराण्यांतील तरुण मंडळी आज हौसेने जुने कागद फोनने टिपतात, नातेवाइकांत वाटतात, दूरच्या भांडारात ठेवतात. हे उत्तमच आहे. पुण्याचा नातू, बडोद्याची आत्या आणि अमेरिकेतला भाचा यांना एकाच यादीत एकच कागद दिसावा, ही गोष्ट आमच्या आजोबांना स्वप्नवत वाटली असती. आमची विनंती एवढीच की, यादीत एक रकाना वाढवावा. कागद अस्सल कुठे आहे, त्याच्या नकला कोणकोणत्या यंत्रांत किंवा तबकड्यांवर प्रत्यक्ष उतरविल्या आहेत, आणि कोठे तो नुसता दिसतो, हे त्यात लिहावे. हे तपासावयाचे साधनही सोपे आहे. जोडणीची तार काढावी, फोन बाजूला ठेवावा, आणि मग फोल्डर उघडून पाहावा. जे उघडेल ते आपल्या घरात आहे.

आमच्या घरी आता तीन ठिकाणी सात नकला आहेत आणि एक वही आहे. वहीच्याही नकला केल्या. त्यांपैकी एक पलसाण्यास मूळ वहीजवळ न ठेवता मुद्दाम दुसऱ्या गावी ठेवली आहे. वहीच्या शेवटच्या पानावर चुलतबंधूंच्या मुलाने स्वतःच्या अक्षरात बासष्ट क्रमांक मांडले आहेत. त्यांतील सातांपुढे नक्कल असा शेरा आहे आणि पंचावन्नांपुढे उल्लेख. अस्सल हा रकाना त्याने आखला, आणि कोरा ठेवला.